कर्करोगाची रक्तपरीक्षा : आशा आणि हिशेब

मार्च महिना उजाडला की पुण्यात सकाळच्या वर्तमानपत्राची घडी उलगडताना एखादे गुळगुळीत रंगीत पत्रक हमखास मांडीवर पडते. महिला दिनानिमित्त स्त्रियांची संपूर्ण आरोग्यतपासणी. साठाहून अधिक चाचण्या. दर निम्म्याहून कमी. रक्त घ्यावयास माणूस घरी येईल. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये असेच एक पत्रक फिरले आणि आम्ही नऊ जणींनी मिळून नावे नोंदविली. नऊ जणी एकत्र आल्यास आणखी सवलत होती. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या व्यक्तीने सवलत या शब्दाला इतक्या सहज भुलू नये. पण मी भुलले.

चौथ्या दिवशी आलेल्या रिपोर्टात एका ओळीतील आकडा ठळक छापलेला होता. सीए-१२५ : ५८. शेजारी सामान्य मर्यादा दिलेली, ३५ पर्यंत. खाली 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' एवढेच वाक्य. सीए-१२५ म्हणजे काय हे मला माहीत होते, आणि माहीत होते हेच माझे दुर्दैव. पाच वर्षांपूर्वी माझी मावशी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. त्याआधी सात महिने ती आम्लपित्ताच्या गोळ्या घेत होती. पोट फुगते, दोन घास खाल्ले की भरल्यासारखे वाटते, लघवीला वारंवार जावे लागते, असे ती सांगत असे आणि आम्ही सारे 'वयाप्रमाणे व्हायचेच' म्हणून तिची समजूत घालीत असू. पोटात पाणी झाल्याचे दिसले तेव्हा रोग तिसऱ्या अवस्थेत पोहोचलेला होता. तिच्या फाइलीतील जवळजवळ प्रत्येक कागदावर हाच सीए-१२५ होता.

माझे पुढील सहा आठवडे कसे गेले याचे वर्णन करीत नाही. दोनदा सोनोग्राफी झाली, एकदा एमआरआय झाले. अखेर एका वयस्क स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, की रक्त दिले त्या दिवशी पाळी चालू होती काय? होती. शिवाय एंडोमेट्रिऑसिसचा जुना त्रास मला आहेच. या दोन्ही कारणांनी हा आकडा वाढतो, हे त्यांनी समजावून सांगितले. कर्करोग नव्हता. रक्त घ्यावयास आलेल्या मुलाने वा त्याच्या छापील फॉर्मने हा प्रश्न मला विचारला असता तर दीड हजारांच्या तपासणीपायी एकवीस हजार रुपये खर्च झाले नसते.

त्या एकवीस हजारांचा विषय येथेच संपला. मनात राहिले ते या चाचणीमागचे गणित. याच रोगासाठी आता एक नवी, पुष्कळ अधिक सूक्ष्म रक्तपरीक्षा घडविण्याचे प्रयत्न जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहेत. उद्या ती बाजारात आली तर तिचे पत्रकही याच घडीतून पडणार आहे. ते पडण्यापूर्वी हिशेब मांडून ठेवलेला बरा.

प्रथम रोगाविषयी. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या खालोखाल अंडाशयाचा क्रमांक लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ३३ हजार त्यामुळे दगावल्या. दोन आकड्यांमधील हे अल्प अंतरच रोगाचे स्वरूप सांगते. पहिल्या अवस्थेत सापडला तर दहांपैकी नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरल्यावर सापडला तर जेमतेम तीन. आणि बहुतेक वेळा तो पसरल्यावरच सापडतो, कारण अंडाशय ओटीपोटात खोल दडलेले असते. बाहेरून त्याचा नमुना घेता येत नाही, हाताला गाठ लागत नाही, आणि सुटलेल्या पेशींना पोटाच्या पोकळीत हिंडण्यास कोणताही अडसर नसतो. या रोगाचा जो सर्वांत घातक प्रकार आहे त्याचा उगम पुष्कळदा अंडाशयात नसून बीजवाहिनीच्या टोकाशी होतो, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. म्हणजे चोर एका घरात आणि पहारा शेजारच्या घरावर, असा प्रकार बरीच वर्षे चालला.

अशा रोगासाठी रक्तपरीक्षेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. सीए-१२५ या प्रथिनाचा शोध १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. रोग ठरलेल्या स्त्रीवर उपचार लागू पडतात की नाही, रोग उलटला की काय, हे पाहण्यास ही चाचणी उत्तम आहे. मावशीच्या फाइलीत तिचे स्थान योग्यच होते. पण निरोगी स्त्रियांतून रोगी शोधून काढण्यास ती दुबळी ठरते. पहिल्या अवस्थेतील सुमारे निम्म्याच रुग्णांत हा आकडा वाढलेला असतो. उलट पाळी, गरोदरपण, गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, एंडोमेट्रिऑसिस आणि पोटाचा क्षय यांतही तो वाढतो. क्षयाचा उल्लेख आपल्या देशात तरी जाता जाता करून भागणार नाही. पोटात पाणी, वजनात घट, आणि वाढलेला सीए-१२५, हे चित्र क्षयाचेही असते आणि कर्करोगाचेही.

दुबळी म्हणजे किती, हे पाहण्यासाठी दोन मोठे प्रयोग झाले. अमेरिकेत ७८,२१६ स्त्रियांचे दोन गट पाडून एका गटाची दरवर्षी तपासणी केली गेली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा तपासणी झालेल्या गटात या रोगाने ११८ मृत्यू नोंदले होते आणि न झालेल्या गटात १००. तपासणीने एकही जीव वाचविल्याचे दिसले नाही. मात्र ३,२८५ स्त्रियांना रोग नसताना असल्याचा इशारा मिळाला, त्यांतील १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना तिच्यामुळे गंभीर उपद्रव सोसावे लागले. ब्रिटनमधील प्रयोग याहून मोठा, २ लाखांहून अधिक स्त्रियांचा. तेथे पद्धत अधिक विचारपूर्वक आखलेली होती. एका आकड्यावर विसंबण्याऐवजी त्याच स्त्रीचा आकडा वर्षानुवर्षे कसा चढतो ते पाहिले जाई. रोग लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण खरोखरच वाढले. तरीही २०२१ साली अंतिम निष्कर्ष आला तो असा, की मृत्यू कमी झाले नाहीत. लवकर सापडणे आणि वाचणे या दोन गोष्टींमध्ये आपण समजतो त्याहून अधिक अंतर आहे.

आता नव्या चाचणीकडे वळू. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःभोवतालच्या द्रवात अतिसूक्ष्म पिशव्या सोडीत असते. शास्त्रीय परिभाषेत त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणता येईल. त्यांतील एका लहान जातीला एक्सोसोम हे नाव आहे. त्यांचा व्यास साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९८३ साली माँट्रियल आणि सेंट लुई येथील दोन वेगवेगळ्या गटांनी, रक्तातील कोवळ्या तांबड्या पेशी नको झालेली प्रथिने अशा पिशव्यांत भरून बाहेर टाकतात, असे दाखविले. तेव्हा पुष्कळांची समजूत अशी झाली की ही पेशींची केराची टोपली असावी. पुढे उलगडा झाला तो वेगळाच. ही टपालव्यवस्था होती. एका पेशीने सोडलेली पुटिका दुसऱ्या पेशीत शिरते आणि आपल्यातील प्रथिने व जनुकीय संदेश तेथे उतरवते. कर्करोगाच्या पेशी या टपालाचा सढळ वापर करतात. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पुटिका सीडी-४४ नावाचे प्रथिन पोटाच्या आतील अस्तराच्या पेशींना पोहोचवितात आणि त्यामुळे ते अस्तर रोगाला वाट करून देऊ लागते, असे २०१७ साली जपानी संशोधकांनी दाखविले. मावशीच्या पोटातून काढलेल्या त्या पिवळसर पाण्यात अशा किती कोटी पुटिका असतील, असा विचार हे वाचताना माझ्या मनात आला.

निदानाच्या दृष्टीने पुटिकेचे महत्त्व उघड आहे. रक्तद्रवात अल्ब्युमिनसारख्या थोड्याशा प्रथिनांचाच एवढा महापूर असतो की गाठीतून सुटलेले एखादे विरळ प्रथिन त्यात शोधणे जवळजवळ अशक्य. पुटिकेत मात्र तो ऐवज आवरणाखाली सुरक्षित असतो आणि आवरणावर पाठविणाऱ्या पेशीच्या खुणा असतात. पाकीट बंद आणि त्यावर पोस्टाचा शिक्का. म्हणून संशोधक रक्त अतिवेगाने फिरवून किंवा अन्य रीतीने पुटिका वेगळ्या करतात, त्या फोडून आतील प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात तोलतात आणि यादी तयार करतात. २०१३ साली प्रयोगशाळेत वाढविलेल्या अंडाशय-कर्करोगाच्या दोन पेशीवंशांच्या एक्सोसोममधून अशी २,२३० प्रथिने ओळखली गेली. यादी करणे आता तितकेसे अवघड राहिलेले नाही. त्यांतील कोणते प्रथिन रुग्णाच्या रक्तात असते आणि निरोगी स्त्रीच्या रक्तात नसते, हे ठरविणे अवघड आहे.

याचे एक उदाहरण घेऊ. २००९ साली अमेरिकेतील एका गटाने क्लॉडिन-४ हे प्रथिन बाळगणाऱ्या पुटिका ६३ रुग्णांपैकी ३२ जणींच्या रक्तात पाहिल्या. रोग नसलेल्या ५० स्त्रियांपैकी केवळ एकीत त्या सापडल्या. पन्नासात एक ही चूक क्षुल्लक वाटते. आता माझ्या वर्गातील मुलांना मी फळ्यावर घालते ते गणित मांडू. पाश्चात्त्य देशांत पाळी गेलेल्या १ लाख स्त्रियांमागे एका वेळी साधारण ४० जणींना हा रोग असतो असे धरतात. पन्नासात एक चूक करणारी चाचणी त्या लाखभर स्त्रियांवर केली तर रोग नसलेल्या सुमारे २,००० जणींना ती रोगी ठरवील, आणि खऱ्या ४० पैकी निम्म्या, म्हणजे विसेक, तिला सापडतील. एका खऱ्या इशाऱ्यामागे शंभर खोटे. चाचणी याहून पुष्कळ चांगली झाली, एकही रोगी तिने सोडली नाही आणि निरोगी स्त्रियांच्या बाबतीत ती शंभरात एकदाच चुकली, तरी ४० खऱ्यांबरोबर १,००० खोटे इशारे येतात. खोट्यांचे प्रमाण खऱ्याच्या दसपट इतके खाली आणावयाचे तर हजारात चारांहून अधिक चुका तिला परवडणार नाहीत. भारतात या रोगाचे प्रमाण पश्चिमेपेक्षा कमी आहे. म्हणजे आपल्याकडे हा हिशेब आणखी कडक होतो. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे पाच मिनिटांत सोडवितो, आणि तोच विद्यार्थी घरी जाऊन आईसाठी पत्रकावरील नंबर फिरवितो.

या गणिताकडे दुर्लक्ष झाल्यास मोठमोठे शास्त्रज्ञही कसे फसतात, याचा दाखला याच रोगाच्या इतिहासात आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. रक्तातील प्रथिनांचा एकंदर आराखडा यंत्राने टिपून संगणकाकडे दिला असता त्याने अंडाशयाच्या कर्करोगाचे ५० पैकी ५० रुग्ण ओळखले आणि ६६ निरुपद्रवी नमुन्यांपैकी ६३ बरोबर ठरविले. चाचणीने रोगी म्हटले तर ते ९४ टक्के खरे, असे त्यात नमूद होते. ९४ टक्के खरेच. पण ज्या गर्दीत जवळजवळ निम्मे लोक रोगी आहेत अशा गर्दीपुरते. रस्त्यावरच्या लाख स्त्रियांत तीच चाचणी शेकडा एकाच्याही खाली घसरते. एका कंपनीने 'ओव्हाचेक' या नावाने ती बाजारात आणण्याची तयारी चालविली. इकडे टेक्सासमधील कीथ बॅगर्ली आणि त्यांच्या सहकारी संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे उघडून पाहिले. संगणकाने ओळखलेला फरक रोगाचा आहे याची खात्री देता येत नाही. तो नमुने यंत्रात कसे आणि केव्हा घातले गेले याचाही असू शकतो, असे त्यांना आढळले. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हरकत घेतली आणि ती चाचणी बाजारात आलीच नाही. हा घोळ एखाद्या जीवशास्त्रज्ञाच्या नजरेस येण्याऐवजी संख्याशास्त्रज्ञांच्या नजरेस आला, याचे मला मनातून थोडे समाधान वाटते, हे कबूल करते.

पुटिकांच्या बाबतीत तर ही भीती अधिक आहे. रक्तातील बहुसंख्य पुटिका बिंबाणू आणि रक्तपेशी यांच्याच असतात. गाठीच्या पुटिका त्यांत मूठभर. रक्ताची नळी हिंदकळली किंवा तासन् तास तशीच राहिली तर बिंबाणू नव्या पुटिका सोडतात आणि मोजणी बिघडते. सिंहगड रस्त्यावर सकाळी सातला घेतलेले रक्त मोटारसायकलच्या डिक्कीतून खड्डे आणि सिग्नल पार करीत दहा वाजता मध्यवर्ती लॅबोरेटरीत पोहोचते, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२३ साली अशा तीनदा मार्गदर्शक नियम घातले, याचा अर्थच असा की शिस्त अद्याप बसावयाची आहे.

मग आशा सोडावी काय? मुळीच नाही, पण पैसा व श्रम कोठे घालावेत, हे आपण नीट ठरविले पाहिजे. आपल्याच राज्यातील एक प्रयोग येथे आठवतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचे चार गट पाडून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची तुलना झाली. टाटा मेमोरिअल रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ साली निष्कर्ष आला : एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, आणि साधारण तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ६४. त्या रोगाची पूर्वावस्था दीर्घकाळ टिकते आणि हाताच्या टप्प्यात असते, म्हणून तपासणी तेथे जीव वाचविते. पत्रकावरील साठ चाचण्यांत सीए-१२५ होती. ही एचपीव्ही चाचणी नव्हती. ती रक्तावर होत नाही, आणि घरी येऊन रक्त नेण्याच्या व्यवसायात ती बसत नाही.

बाजाराला दोष देऊन मी थांबणार नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखविले होते की वैद्यकीय सेवेत विकणाऱ्यापाशी जे ज्ञान असते ते घेणाऱ्यापाशी नसते आणि म्हणून तेथे भाजीबाजाराचे नियम लागू पडत नाहीत. लॅबोरेटरीला आकडा बरोबर आला तरी तेवढेच पैसे मिळतात आणि चुकीचा आला तरी तेवढेच. चुकीची किंमत पुढे सोनोग्राफीच्या टेबलावर दुसरेच कोणी भरते. अशा ठिकाणी सार्वजनिक संस्थांनी उतरावे लागते, आणि त्या परंपरेत पुण्याचे नाव मोठे आहे. १९१७ साली येथे जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आज देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवंश पुरविते. त्याच केंद्रात डॉ. शर्मिला बापट यांनी अंडाशयाच्या कर्करोगावर दीर्घकाळ काम केले आहे. रोग पुढच्या अवस्थेत असलेल्या एका स्त्रीच्या जलोदराच्या पाण्यातून त्यांच्या गटाने पेशी वेगळ्या केल्या आणि त्या मिश्र समूहातील एका पेशीकुळातच गाठ निर्माण करण्याची शक्ती असल्याचे ओळखले. तो निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. एरवी मोरीत ओतून टाकण्याच्या त्या पाण्याला एवढे मोल आले.

आजही तुटवडा आहे तो नमुन्यांचाच, आणि तो रोग्यांच्या नमुन्यांचा तितकासा नाही. प्रथिनांच्या याद्या पुष्कळ झाल्या. त्या पारखून घेण्यासाठी साध्या, चालत्याबोलत्या स्त्रियांचे रक्त हवे आहे. एकाच शिस्तीने घेतलेले, वेळ आणि पाळीचा दिवस नोंदविलेले, आणि पुढे दहा वर्षे त्या स्त्रियांची वास्तपुस्त ठेवलेले. त्यांत फायब्रॉइडवाल्या हव्यात, पोटाचा क्षय झालेल्या हव्यात, मजसारख्या एंडोमेट्रिऑसिसवाल्याही हव्यात. कारण चाचणी चुकणार ती आमच्याच बाबतीत. ब्रिटनमधील त्या प्रयोगाने जीव वाचविले नसतील, पण जपून ठेवलेले रक्ताचे लाखो नमुने मागे ठेवले, आणि नव्या चाचण्या आज त्यांवर पारखल्या जातात. आपल्याकडे मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे. पुण्याचीही जुनी आहे. अशा नोंदणीला रक्तसंग्रहाची जोड द्यावयास यंत्रापेक्षा चिकाटीच्या कारकुनांची गरज अधिक लागेल. या पानाचे पुष्कळ वाचक कारकून आहेत. त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

तोवर निरोगी स्त्रीने कर्करोग शोधण्यासाठी म्हणून सीए-१२५ करवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि बहुतेक वैद्यकीय संस्थांचेही तेच आहे. घराण्यात आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी बीआरसीए जनुकांच्या तपासणीविषयी तज्ज्ञांना विचारावे. मी विचारले आहे. आणि पोट फुगणे, लवकर भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार जावे लागणे, हे नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल तर आम्लपित्ताच्या गोळ्यांआधी सोनोग्राफी करावी.

यंदाही मार्चमध्ये पत्रक आले. स्टाफरूममध्ये मी त्यातील एका ओळीवर पेनाने काट मारली, तेव्हा दोघी-तिघी हसल्या. इतिहास विभागातील एक ज्येष्ठ सहकारी मात्र तास संपल्यावर मागे थांबल्या. त्यांच्या बावन्न वर्षांच्या धाकट्या जाऊबाई महिनाभरापासून अर्धी पोळी खाऊन ताटावरून उठतात आणि सगळे त्यांना ओवा चघळावयास देत आहेत, असे त्यांनी हळूच सांगितले. आम्ही दोघींनी तेथूनच फोन केला. गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे.